फ्लेमिंगो मोजणाऱ्या मशीनने कारण सांगायलाच हवं का?

ऐरोलीकर: ठाणे खाडीतले फ्लेमिंगो काठावरून काढलेल्या फोटोंमधून न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या संगणकाच्या मॉडेलने, ओळखावेत आणि मोजावेत, असं आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर चाललंय. माझं मत ठाम आहे. जे मॉडेल कारण दाखवत नाही, त्याचे आकडे पाणथळ जागांच्या वादात वापरूच नयेत. लेसर (छोटा) आणि ग्रेटर (मोठा) या फ्लेमिंगोच्या दोन जाती. लेसरची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. ग्रेटरची गुलाबी, फक्त टोक काळं. मॉडेलने चोच पाहिली की पायाखालचा चिखल, हे कळायला नको? २०१९ मधलं प्रोटोपीनेट नावाचं मॉडेल फोटोतला प्रत्येक भाग शिकताना पाहिलेल्या कुठल्या भागासारखा आहे ते दाखवतं आणि त्या साम्याच्या गुणांवरूनच निकाल देतं. त्याची परीक्षा झाली तीही २०० जातींच्या पक्ष्यांच्या फोटोंवर. खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, तरी आजूबाजूच्या तळ्यांवरून भांडणं होतातच. उद्या मशीन म्हणालं 'इथे पक्षी नाहीत', तर उलटतपासणी कुणाची घ्यायची?

माजिवड्याचा वाचक: दाखवलेलं कारण खरंच असेल याची हमी काय? प्रोटोपीनेटवरच २०२१ मध्ये आक्षेप आला. आपल्या डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण नुसत्या जेपेग कॉम्प्रेशनने, म्हणजे फोटोची फाइल दाबून लहान केल्याने, साम्याचे गुण बदलतात. तुमच्या ग्रुपवर फोटो व्हॉट्सअ‍ॅपनेच फिरतात ना? तेही फोटो असेच दाबतं. त्यापेक्षा जाणकारांनी मोजलेल्या फोटोंवर चाचणी घ्या आणि चुका जाहीर करा. ग्राफकास्ट नावाचं हवामानाचं मॉडेल दहा दिवसांचा जगभरचा हवामान अंदाज मिनिटाच्या आत देतं. त्याला कुणी कारण विचारत नाही, पाऊस पडला की नाही ते बघतात.

नेरूळकर ताई: अहो, पावसाचा दाखला इथे चालत नाही. ग्राफकास्ट नकाशाचे चौकोन पाडून अंदाज देतं, एकेक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे साधारण २८ किलोमीटरचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, आणि दोघांत पाव अंशाचंही अंतर नाही! शिवाय अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतं. तळं एकदा बुजलं की तिथे काय तपासणार?

माजिवड्याचा वाचक: ताई, चौकोन मोठा असणं हा वेगळा प्रश्न, त्याचा कारण सांगण्याशी संबंध नाही. तळ्याचं पटलं, पण तिथे माणसानेच जाऊन बघावं. स्पष्टीकरण दिसलं की लोक तपासणं सोडतात, याची मला खरी भीती वाटते. मॉडेलने कुठे पाहिलं ते दाखवणारे रंगीत नकाशे असतात ना, त्यांच्यावर २०१८ मध्ये अभ्यास झाला. मॉडेलने शिकलेलं सगळं पुसून तिथे कसेही आकडे भरले, तरी काही पद्धतींचा नकाशा जवळपास तसाच आला.

ऐरोलीकर: त्याच अभ्यासात ग्रॅड-कॅम ही नकाशाची पद्धत टिकली, तेही सांगा की. म्हणजे स्पष्टीकरणाचीही परीक्षा घेता येते. व्हॉट्सअ‍ॅपचा आक्षेप मान्य, कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीच मागवू. पण मुख्य मुद्दा राहिलाच. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात, भरतीला चिखल बुडला की नेरूळच्या तळ्यांकडे येतात. बहुतेक फोटो ओहोटीचे असले आणि मॉडेल चिखलावरूनच 'फ्लेमिंगो' म्हणायला शिकलं, तर ते नेमकं तळ्यावर चुकेल. म्हणजे जिथे वाद आहे, तिथेच. एकूण अचूकतेच्या आकड्यात हे दिसणार नाही.

माजिवड्याचा वाचक: मग भरतीचे आणि ओहोटीचे फोटो वेगळे करा, दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या मोजा. फरक त्यातच दिसेल, त्यासाठी चोचीची चित्रं लागत नाहीत.

नेरूळकर ताई: चिखलाचा संशय आधीच आला म्हणून वेगळे करता येतील. ज्याचा संशयच आला नाही, त्याचे गट कसे पाडणार? मला दोन्ही हवंय. भरतीच्या वेळचे तळ्यावरचे फोटो मी देते, मूळ फाइलींसकट.