'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे पुढे ढकलणं का?

— काल एक पत्र भाषांतराला आलं होतं. बुधवारची मीटिंग 'ब्रॉट फॉरवर्ड टू मंडे' असं वाक्य. मी घाईत 'सोमवारवर पुढे ढकलली' लिहून मोकळी झाले, आणि खरं तर ती दोन दिवस आधी आली होती! पाठवायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचले. आता 'अलीकडे घेतली' केलंय तर सहकारी म्हणतो असं कोणी बोलत नाही. खरंच नाही का बोलत?

— बोलतात की ताई, आमच्या घरी 'तारीख अलीकडे घ्या' सर्रास म्हणायचे. घोळ त्या 'फॉरवर्ड'चाच आहे. 'पुट ऑफ', 'पुट बॅक' म्हणजे लांबणीवर, 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे आधी, इथवर ठीक, पण 'मूव्ह फॉरवर्ड' म्हटलं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेसुद्धा अडखळतात. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' झाली तर आता कधी, असं मानसशास्त्रज्ञांनी विचारून पाहिलंय, काही जण सोमवार सांगतात आणि काही शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललोय असं धरलं की शुक्रवार, काळ आपल्याकडे चालत येतोय असं धरलं की सोमवार.

— एवढं कशाला, प्रीपोन लिहा.

— प्रीपोन नको हो, पोस्टपोनवरून ओढूनताणून पाडलेला शब्द आहे तो.

— पाडला तर पाडला, ऑक्सफर्डच्या कोशात आहे. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'पोनेरे' म्हणजे ठेवणं, मग 'प्री' लावून आधी ठेवलं तर बिघडलं कुठे? जपून राहायचंच तर 'पास आउट'पासून राहा. आपण '२०१० ला पास आउट झालो' म्हणतो आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटतं चक्कर येऊन पडला.

— तेही अगदी चूक नाही, ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण संपवून बाहेर पडण्याला 'पासिंग आउट'च म्हणतात.

— मला तर हे सगळं आपल्या 'लागणे'सारखं वाटतं. भूक लागते, नादी लागतो, हाती लागतं, मनाला लागतं, कामाला लागतो. एका मराठी शिकणाऱ्या मैत्रिणीने वहीत 'लागणे म्हणजे टू टच' एवढंच लिहून ठेवलं होतं, 'तहान लागली'शी आली आणि तिथेच अडकली. नियम मलाही सांगता येईना. 'पुट ऑफ', 'पास आउट' अशी जोडशब्दांची इंग्रजी क्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्बसुद्धा, अख्ख्या वाक्यासकटच पाठ करावीत, सुटी नकोत.

— आणि 'परवा'चं काय? होऊन गेलेला पण परवा, यायचा पण परवा. 'मीटिंग परवा' एवढाच मेसेज आला तर झाली म्हणायची की व्हायचीय?

— क्रियापद लिहा ना मग पुढे!

— मेसेजमध्ये कोण लिहितं क्रियापद?