मदत हवी आहे: नवा स्लेव्ह सिलिंडर बसवला, तरी क्लच पेडल मऊच

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहतो. परवा अक्कलकोटहून येताना कारचं क्लच पेडल खालीच बसलं, गिअर पडेना. गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलकडून येणाऱ्या ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा) रबरी बूट सरकवला, तर आतून काळं ब्रेक ऑइल टपकलं. नवा सिलिंडर घरीच बसवला, डॉट ४ (ब्रेक-क्लचचं ऑइल) भरलं. (बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग जातो.) आतली हवा काढायला बायको पेडल दाबून धरते, मी निपल (स्लेव्ह सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) सोडतो आणि पेडल वर यायच्या आत आवळतो. बुडबुडे थांबलेत, तरी दोन-तीनदा पंप केल्याशिवाय गिअर पडत नाही. हवा राहिलीय की मास्टर सिलिंडरही (पेडलजवळचा, ऑइलला दाब देणारा) गेलाय? बाहेर गळती कुठेच नाही. निपल सैल ठेवून, क्लच ऑइलची टाकी भरत राहून, ऑइल आपोआप उतरू द्यावं का? सोमवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.