शिळे रक्त, जुने रक्त की साठवणझीज?

प्रश्न

परळ भागातील एका रुग्णालयासाठी, रुग्णांच्या नातेवाइकांना देण्याचे माहितीपत्रक मी मराठीत लिहीत आहे. रक्तपेढीत ठेवलेल्या तांबड्या पेशींमध्ये दिवसागणिक जे बदल होतात, त्या सर्वांना मिळून डॉक्टर ‘स्टोरेज लीजन’ म्हणतात. ‘लीजन’ म्हणजे क्षत असे धरून मी प्रथम ‘साठवणक्षत’ हा शब्द केला. परंतु तो वाचून पिशवीच फाटली की काय, असे वाटते. वॉर्डात लोकांच्या तोंडी दोनच शब्द आहेत, ‘ताजे रक्त’ आणि ‘शिळे रक्त’. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी १९ दिवसांपूर्वीची पॅक्ड सेलची (म्हणजे वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशींची) पिशवी ‘शिळी’ म्हणून नाकारली आणि ताज्या पिशवीच्या शोधात बर्फाची पेटी घेऊन ते दुपारभर परळ, दादर, ठाणे असे फिरत राहिले. तोवर त्यांच्या आईला रक्त चढवणे खोळंबले. एका शब्दामुळे हे घडत असेल, तर योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. शब्द ठरवण्याआधी पिशवीत काय घडते, ते सांगतो. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. पेशी टिकवण्यासाठी पिशवीत सीपीडीए-१ हे द्रावण असेल तर ३५ दिवस, सॅगएम असेल तर ४२ दिवस. शरीरात ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. थंडीत तिचे काम मंदावते, पण थांबत नाही. ती साखर वापरत राहते, लॅक्टिक आम्ल साचते आणि ऊर्जा देणारे एटीपी उतरते. पोटॅशियम पेशीत ओढून घेणारा आवरणातला सोडियम-पोटॅशियमचा पंप थंडीत जवळपास बंद पडत असल्याने पोटॅशियम पेशीबाहेर झिरपते. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारे २,३-डीपीजी तर साधारण दोन आठवड्यांत संपत येते. मधोमध दबलेल्या चकतीसारखी पेशी हळूहळू काटेरी आणि नंतर गोलसर होते, तिच्या आवरणाचे सूक्ष्म कण सुटून जातात आणि काही पेशी फुटून हिमोग्लोबिन द्रवात उतरते.

यातले काही बदल भरून येतात, हे मला महत्त्वाचे वाटते. रुग्णाच्या शरीरातल्या उबेत पंप पुन्हा चालू होतो, आणि २,३-डीपीजी काही तासांत वाढू लागून दोन-तीन दिवसांत जवळजवळ पूर्ववत होते. गळून गेलेले आवरण मात्र परत येत नाही; अशा पेशी प्लीहा आणि यकृत काढून टाकतात. मुदत ठरवण्याची कसोटीच अशी आहे, की मुदतीच्या शेवटी दिलेल्या पेशींपैकी सरासरी किमान ७५ टक्के पेशी २४ तासांनंतरही रुग्णाच्या रक्तात फिरत असल्या पाहिजेत.

प्रतिसाद

‘शिळे’ हा शब्द मुळात ‘शीतल’पासून आलेला आहे, म्हणजे थंड झालेले. त्या अर्थाने रक्तपेढीतले प्रत्येक रक्त शिळेच म्हणावे लागेल! परंतु आज ‘शिळे’ म्हटले की काल रात्रीची भाकरी आठवते आणि त्यामागोमाग ‘विटले’, ‘नासले’ हे शब्द मनात येतात. रक्तात जंतू वाढून ते नासणे ही निराळी आणि गंभीर गोष्ट आहे. ती आणि साठवणीतले बदल एकाच शब्दात कोंबू नयेत. ‘आंबणे’ आम्लाच्या दृष्टीने जवळचे असले, तरी तेही याच कारणाने टाळावे. ‘जुने रक्त’ त्यामानाने निरुपद्रवी आहे, पण त्यातून वय कळते, बदल कळत नाही.

मी ‘साठवणझीज’ सुचवतो. झीज एका दिवसात होत नाही, ती हळूहळू होते, आणि मराठीत ‘झीज भरून येते’ असे आपण सहज म्हणतो. वरच्या प्रतिसादातील २,३-डीपीजीचे वर्णन नेमके तसेच आहे. जी झीज भरून येत नाही, तीही झीजच असते. झीज घर्षणानेच होते असा आक्षेप येईल. पण शरीराची झीज, हाडांची झीज हे प्रयोग रूढ आहेतच.

मूळ लेखिकेकडून

आपणा दोघांची मी आभारी आहे. ‘साठवणझीज’ घेते. ‘मुदत’ हा शब्दही ठेवणार आहे, कारण ‘पेढी’शी तो जुळतो आणि ती केव्हा संपते हे पिशवीवर छापलेले असते. ‘ताजे’ मात्र पूर्णपणे काढून टाकता येणार नाही. नवजात बाळाचे रक्त बदलायचे असेल तर झिरपलेले पोटॅशियम बाळाला बाधू नये म्हणून थोड्याच दिवसांची पिशवी मागतात, आणि वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना पेशी अधिक काळ टिकाव्यात म्हणून कमी दिवसांची पिशवी देण्याकडे कल असतो. इतर बहुतेक प्रौढ रुग्णांबाबत चाचण्यांचा निष्कर्ष वेगळा आहे: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सर्वांत नवे रक्त मिळालेल्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी आढळला नाही. मे महिन्यात मुंबईकर गावी गेल्यावर शिबिरे कमी होतात आणि पेढ्यांत तुटवडा पडतो, तेव्हा मुदतीतली पिशवी नाकारणे तर अधिकच महाग पडते.

आता पत्रकातील वाक्य असे होईल: ‘साठवलेल्या तांबड्या पेशींची थोडी झीज होते, त्यातील बरीचशी शरीरात भरून येते. मुदतीतील रक्त शिळे नसते. आपल्या रुग्णाला कमी दिवसांचे रक्त हवे असल्यास डॉक्टर तसे स्वतः लिहून देतील.’