नव्या लॅपटॉपवरचे नको ते पॉप-अप तुम्ही कसे घालवले? (अनुभव धागा)

निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश झाले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी घरांत पहिल्यांदा लॅपटॉप येतो. कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे बाजूला काढलेले असतात, कुणी हप्त्यावर घेतलेला असतो. आणि थोड्याच दिवसांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकटी यायला लागतात. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’, ‘मुदत संपली, आत्ताच पैसे भरा’. घरच्यांना वाटतं, एवढे पैसे घातले आणि मशीनच बिघडकं मिळालं. मी एमएस-सीआयटी शिकवतो. अशी धास्तावलेली माणसं मला सारखी भेटतात आणि मला त्यांची फार काळजी वाटते, कारण दुरुस्तीला तालुक्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तुमच्याकडे काय झालं आणि नेमकं काय केल्यावर ते थांबलं, ते लिहा. सेटिंगचं नाव पडद्यावर दिसतं तसंच लिहा.

सुरुवात मी करतो. बहुतेक नव्या लॅपटॉपवर एखादं अँटीव्हायरस आधीच टाकलेलं असतं, ठरावीक दिवस मोफत. मुदत संपत आली की ते भीती घालायला लागतं. ते काढलं तर संगणक उघडा पडेल, असं लोक समजतात. तसं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा विंडोजचाच व्हायरस रोखणारा प्रोग्राम आधीपासूनच असतो. दुसरं अँटीव्हायरस असेपर्यंत तो बाजूला राहतो, ते काढून मशीन रीस्टार्ट केलं की आपोआप कामाला लागतो. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, नावापुढचे तीन ठिपके, अनइन्स्टॉल. नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण आली का, तेवढं पाहून घ्या.

सेवा केंद्र चालक, रिसोद तालुका

माझ्याकडे पीक विम्याला, महाडीबीटीच्या अर्जाला येणारी मुलं लॅपटॉप सोबत आणतात. दहातल्या बऱ्याच तक्रारी अँटीव्हायरसच्या नसतातच, त्या ब्राउझरच्या असतात. मुलं जुन्या प्रश्नपत्रिका किंवा पिक्चर शोधत कुठल्यातरी साइटवर जातात. तिथं लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’. ते दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. मग लॉटरी, औषधं, खोटे व्हायरसचे इशारे, आणि कधीकधी असं काही की आईवडिलांसमोर मुलीला मान खाली घालावी लागते. तिची काहीच चूक नसते, हे मी घरच्यांना आवर्जून सांगतो.

ओळखायची खूण अशी: चौकटीत बारीक अक्षरात क्रोमचं किंवा एजचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. तो दिसला म्हणजे लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय असं समजायचं कारण नाही. नुसती फुली दाबत बसणं म्हणजे गाजरगवत वरून कापणं, पुन्हा येणारच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथं दिसते. अनोळखी नावापुढचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. त्याच पानावर कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचाही पर्याय आहे, मी तो सगळ्यांना लावून देतो. सरकारी अर्ज त्यामुळे अडत नाहीत.

शेतकरी, अकोट तालुका (सांगतलं तसं सुनेनं टाइप केलं)

नातवाच्या लॅपटॉपवर एक दिवस सारा पडदा भरून इशारा आला अन् जोरानं भोंगा वाजाले लागला. मधात फोन नंबर, ‘आत्ताच फोन करा’ म्हने. पोरगं रडाले लागलं, आबा सारं गेलं. मी म्हनलं, थांब बाप्पा, ज्याले आपन वळखत नाई त्याले फोन काहून लावाचा? शेजारच्या पोट्ट्याले बलावलं. त्यानं कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप संगच दाबलं, यादीतून क्रोम बंद केलं. भोंगा बंद! मंग क्रोम पुन्हा उघडलं तं जुनी पानं ‘रिस्टोर’ करू देल्ली नाई. तो सांगे का मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर राहतच नाई. फोन लावला असता तं त्यायनं एखादं ॲप टाकाले लावलं असतं अन् तिकडून आपलं मशीन चालवलं असतं. आपले विम्याचे, अनुदानाचे पैसे ब्यांकेतच येते नं बावा. कोनाचे पैसे गेलेच असन तं वाट पाहू नका, लगेच १९३० वर सांगा. सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर हाये.

शिक्षिका, धारणी

वर्गात प्रोजेक्टर लावला की मुलांसमोर ‘सेटअप पूर्ण करा’, ‘हे वापरून पाहा’ असले संदेश यायचे. हे खुद्द विंडोजचे असतात. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टम’, ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अगदी खाली ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढल्या. त्याच पानावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप सुरू करायची सोय आहे, ‘व्हेन डुप्लिकेटिंग युअर डिस्प्ले’ निवडलं. आता धडा मधेच तुटत नाही.

टायपिंगची कामं करणारी, हिंगणघाट

मराठी टायपिंगसाठी मिळेल ते सॉफ्टवेअर आणि फॉन्ट कन्व्हर्टर उतरवू नका, ही कळकळीची विनंती. अशा मोफत फायलींसोबत जाहिराती दाखवणारे प्रोग्राम अनेकदा चिकटून येतात, भराभर ‘नेक्स्ट’ दाबलं की तेही बसतात. विंडोजमध्ये मराठी आहेच! विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’मधून मराठी जोडा. उच्चाराप्रमाणे लिहायला ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही मिळतो. मी आता सगळी कामं त्यावरच करते.

विद्यार्थी, अर्जुनी मोरगाव

कंपनीने आधीच टाकलेलं सगळंच निरुपद्रवी असतं असं नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम आधीच होता, ते प्रकरण २०१५ मध्ये जगभर गाजलं. त्यामुळे नवीन मशीन आलं की मी आधी इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी वाचतो. ओळखीचं नसेल त्याचं नाव शोधून बघतो, मगच काढतो. ग्राफिक्स आणि आवाजाचे ड्रायव्हर, म्हणजे पडदा आणि स्पीकर चालवणारे प्रोग्राम, काढायचे नाहीत. आणखी एक, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. अपडेटमध्ये डेटा उडणं बरंच कमी होतं.

गृहिणी, आर्णी तालुका

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अँटीव्हायरस काढलं, तरी ‘मुदत संपली’ येतंच आहे. काय करू?

उत्तर

ताई, आधी चौकटीत साइटचा पत्ता आहे का बघा. असेल तर रिसोदच्या दादांनी लिहिलेला उपाय करा. नसेल तर त्या अँटीव्हायरसचे काही भाग मागे राहिलेत. बऱ्याच कंपन्या ते पुसायला स्वतःचं ‘रिमूव्हल टूल’ मोफत देतात. ते त्या कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या, शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. चालवून झालं की रीस्टार्ट करा. तरीही आलं तर चौकटीचा फोटो काढून इथं टाका, पण फोटोत तुमचा ईमेल किंवा फोन नंबर दिसू देऊ नका.