'मदत करणे', 'फाडून टाकणे', 'कान फुंकणे': सगळे वाक्प्रचारच का?

पदच्छेद:
मराठी कॉर्पसमधल्या, म्हणजे अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुराच्या साठ्यातल्या, बहुशब्दी पदांना लेबलं लावायचं काम चालू आहे. शालेय व्याकरणाच्या सवयीनं बरंच काही 'वाक्प्रचार' या एकाच खणात पडतं. दोघांनी तीच वाक्यं तपासली की 'मदत करणे' आणि 'सुरू करणे'वर हमखास वाद. ठोस कसोटी काय लावावी?

सकर्मक:
अर्थाच्या मागे लागू नका, वाक्य भूतकाळात घाला. 'शेजाऱ्यानं तिला मदत केली': 'केली' मदतीच्या लिंगानं चाललं, म्हणजे मदत अजून कर्म आहे. 'मोठी मदत' असं विशेषणही घेते. क्रियापद गाळून नुसतं 'शेजाऱ्याची मदत' म्हटलं तरी काय घडलं ते कळतं. हे लाइट व्हर्ब: अर्थ नामाचा, क्रियापद नुसतं आधाराला.

आता 'दुकान सुरू केलं, शाळा सुरू केली'. क्रियापद दुकान-शाळेमागे गेलं, 'सुरू' जागचं हललं नाही. 'पसंत करणे'ही तसंच. या दोघांना वेगळं उपलेबल द्या, निम्मे वाद तिथेच मिटतील.

ऊनवाला:
'फाडून टाकणे' फसवं आहे. 'चिठ्ठी फाडून कचऱ्यात टाकली' ही दोन कामं, तिथे लेबल नको. तुकडे टेबलावरच पडलेत आणि तरी 'फाडून टाकली' म्हणता येतंय, तर ते संयुक्त क्रियापद, 'टाकणे'चा मूळ अर्थ तिथे उरलेला नाही. 'बोलून टाकलं'मध्ये शंकाच नाही, टाकायला वस्तूच कुठंय? तपासणाऱ्याला सुटं वाक्य देऊ नका, मागची-पुढची ओळ दाखवा.

कानगोष्ट:
सकर्मक, तुमची लिंगाची कसोटी वाक्प्रचारावर आपटते. 'सासूचे कान फुंकले': 'फुंकले' कानांप्रमाणेच चाललंय, म्हणजे हेही लाइट व्हर्ब ठरेल! गाळायची कसोटी मात्र टिकते; नुसत्या 'सासूचे कान'मधून चहाडी निघत नाही. म्हणून ती आधी लावा, लिंगवचन नंतर.

'कान भरणे' ही वेगळी नोंद धरा, फुंकणेचा पर्याय म्हणून नव्हे. 'कान कुणीतरी चांगलेच फुंकले' असं मध्ये काही आलं, तर लेबल फक्त 'कान' आणि 'फुंकले'ला. ज्योतिषाला हात दाखवला तर लेबल नाही, 'चांगलाच हात दाखवला'ला आहे.

पदच्छेद:
आणि 'स्वच्छ करणे'?

सकर्मक:
ओलं केलं, लाल केलं, घाण केलं… तिथे कुठलंही विशेषण बसतं. लेबल न लावता मोकळं सोडा.