सेंट पॅट्रिक: सापांची दंतकथा पुरे, त्याचं पत्र वाचा

रानवारा
१७ मार्च, म्हणजे आयर्लंडच्या या ख्रिस्ती संताचा दिवस, आला की हिरवे कपडे आणि त्याने आयर्लंडमधून साप हाकलल्याची गोष्ट सुरू होते. हिमयुगानंतर आयर्लंडमध्ये साप पोचलेच नाहीत, तर हाकलणार काय? पाचव्या शतकातल्या या माणसाचं स्वतःचं लॅटिन लेखन उरलंय ते दोनच: ‘कन्फेसिओ’ हे आत्मनिवेदन आणि कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांना लिहिलेलं पत्र. ब्रिटनमधून सोळाव्या वर्षी पळवून नेलेला हा मुलगा आयर्लंडमध्ये सहा वर्षं गुरं राखत होता. निसटून घरी पोचला, आणि पुढे आपणहून त्याच लोकांत परत गेला. कोरोटिकसच्या माणसांनी नवख्रिस्ती लोकांवर धाड घातली, तेव्हा बाप्तिस्म्याचं तेल त्यांच्या कपाळावर तसंच होतं. काहींना कापलं, बाकीच्यांना गुलाम म्हणून नेलं. त्यांना सोडा म्हणून पॅट्रिकने धर्मगुरू पाठवला, तर ते हसले. मग त्याने त्यांना जाहीरपणे वाळीत टाकलं. माझ्या लेखी त्याचा खरा वारसा हा आहे.

कातळकडा
अजिबात पटलं नाही. त्याचा संताप ख्रिस्ती माणसं परधर्मीयांना विकली म्हणून आहे. गुलामगिरीच चूक, असं त्या पत्रात कुठे आहे? स्वतःच्या बापाच्या घरी दास-दासी होते, हे तोच लिहितो. सूर्य पूजणाऱ्यांच्या वाट्याला शिक्षा येणार, हेही तोच लिहितो. तिथल्या श्रद्धांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता. आणि पुढे कित्येक शतकांनीही आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये माणसांचा बाजार भरत होता.

रानवारा
बाजाराचा दोष त्याच्या माथी कशाला? त्याच सुमाराचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन गुलामगिरीला पापाचं फळ म्हणून मोकळा झाला. दासींना सगळ्यात जास्त सोसावं लागतं, रोज धमक्या आणि दहशत, हे पॅट्रिकने लिहून ठेवलं. त्या काळात हे कितीजणांना दिसलं?

सांजवेळ
ड्रुइडांशी, म्हणजे तिथल्या जुन्या धर्माच्या पुरोहितांशी, झुंजणारा पॅट्रिक त्याच्या लेखनात सापडतच नाही. तो आला सातव्या शतकातल्या मुरखू या लेखकाने लिहिलेल्या पॅट्रिकच्या चरित्रातून, आयर्लंडमधल्या आर्माच्या चर्चला इतरांवर वर्चस्व हवं होतं तेव्हा. शिवाय ४३१ मध्येच पोपने पॅलेडियसला आयर्लंडमधल्या ख्रिस्ती लोकांचा बिशप म्हणून पाठवलं होतं. सगळा देश एकट्या पॅट्रिकने बाटवला किंवा तारला, दोन्ही म्हणणं चूक.

कातळकडा
मुरखूचं मान्य. पण दासींबद्दलचा तो उतारा पुन्हा वाचा, त्याही ख्रिस्ती झालेल्याच आहेत. बाकीच्यांसाठी त्याने एक ओळ तरी लिहिलीय का, ती दाखवा.