विषय: विळीला हिऱ्याचा दगड चालतो का?

मंडळी, नमस्कार.

तीन आठवडे दादरला आईकडे आले आहे. गणपतीच्या प्रसादाच्या वेळी नानांनी मंडळाच्या सुऱ्यांना धार लावून दिली, ते पाहून मीही हिऱ्याचा दगड घेतला. एक बाजू ३२५ (भरड), दुसरी १२०० (बारीक). (मामा विचारतो, बीकेसीच्या हिरेबाजारातून आणलास का?)

आईच्या सुरीखाली टोमॅटो कापला जात नव्हता, चेंगरत होता. पूर्वी सायकलवर चाक लावलेला धारवाला यायचा, आता वॉचमन त्याला फाटकातूनच परत पाठवतो. म्हणून काल अर्धा तास चांगला जोर लावून घासली. आता सुरी कागद कापते, पण मध्येच अडते. आणि दगड पहिल्या दिवसाइतका खरखरीत लागत नाही. फसले का मी? त्यावर तेल घालायचं असतं का? विळीही करणार होते, पण आई हात लावू देत नाही.

– मुक्काम दादर

*

अगं, फसली नाहीस. जोर का लावलास?

तो दगड नसतोच. पोलादाची पट्टी असते, तिच्यावर हिऱ्याचे कण निकेलच्या मुलाम्यात धरून ठेवलेले. हिरा कारखान्यातला, जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकेत १९५४ साली केला तसला. नव्या पट्टीवर काही कण जास्त वर आलेले असतात, ते चार-पाच सुऱ्यांत बसतात. तेवढं गुळगुळीत होणं ठीकच. पण दाबून घासलंस तर कण निकेलमधून उपटून येतात, आणि ते परत बसत नाहीत. सुरीचं वजन आणि वर थोडासा हात, बस. तेल नको, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. नंतर कोरडी पूस.

अडते कारण बर राहिलीय. परळला वर्कशॉपमध्ये आम्ही कडेला उलटलेल्या बारीक कोरीला बर म्हणायचो. ३२५वर एकच बाजू घास. पलीकडच्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा ने (धारेवरून लांबीत कधीही नाही!). मुठीपासून टोकापर्यंत खरखर लागली की मगच बाजू बदल. मध्ये कुठे लागली नाही तर तिथे धार झालीच नाही. कोन वीस अंशांच्या आसपास: काटकोनाचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याहून किंचित कमी. हात डगमगत असेल तर कडेला काळा मार्कर फास. शाई कुठून गेली ते बघ, कोन कळतो. शेवटी १२००वर एकदा ही बाजू, एकदा ती, अगदी हलक्या हाताने. मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा वेळा ओढ.

जाता जाता: लेथवाले पोलादावर हिऱ्याचं चाक सहसा चालवत नाहीत. त्या वेगाला तापलं की हिऱ्यातला कार्बन लोखंडात उतरतो. हाताने घासताना तेवढं तापत नाही, म्हणून आपलं चालतं.

विळीच्या बाबतीत आईचं ऐक. पातं वाकडं, ते पट्टीवर टेकणारच नाही. लोखंडही मऊ, ३२५ने नुसतं झिजेल. फारच वाटलं तर १२००ची बाजू हातात धरून पात्यावरून फिरव, बोटं मागे. खवणीच्या दातांना हात लावू नकोस.

– नाना

*

नाना, एवढा खटाटोप कशाला? आमच्या गिरगावच्या घरी लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करायचे. बुडाच्या कडेला चकाकी नसते, तीच खरखरीत कड म्हणजे दगड. बरणी रिकामी हवी, हे सांगायला नको. (आमच्याकडे एकदा सांगावं लागलं होतं.)

– माई

*

माई, आईला तुमची मेल वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग, मी काय करते?" आणि माळ्यावरची बरणी काढून दोन मिनिटांत विळी करून दाखवली. पात्याला खोबरेल पुसून ठेवली, पावसात गंज चढतो म्हणून.

नाना, बर सापडली. टोकाकडच्या दोन इंचांत ती आलीच नव्हती, तिथेच अडत होतं. आता टोमॅटोची चकती पलीकडचं दिसेल इतकी पातळ निघते. पण पहिलाच कांदा आईने सवयीने जोर देऊन कापला आणि बोटावर गेलं. फार नाही, हळद दाबली. सुरी आता फ्रिजवर आहे, "जाताना घेऊन जा" म्हणते. चेक-इनच्या बॅगेत टाकते. मंडळाच्या स्वयंपाकघरात हवी आहे का कुणाला?

– मुक्काम दादर, शुक्रवारपर्यंत